हत्ती गेला, नाव राहिलं: आपल्याच बेटावर संशोधन करताना

लाँच गेटवेवरून सुटते, अर्ध्या तासात लोक सेल्फी काढून दमतात, आणि मग कुणीतरी शेजारच्याला विचारतंच, "तिथे माणसं राहतात का?" मी मांडीवर तांदळाची पिशवी आणि मामीनं मागवलेली औषधं घेऊन बसलेली असते. पूर्वी मला राग यायचा. आता मी वही काढते आणि तारीख टाकून प्रश्न लिहून ठेवते. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण याच प्रश्नावर उभं आहे.

गेल्या काही महिन्यांत पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांनी मला एकच गोष्ट विचारली. स्वतःच्या गावावर संशोधन करावं का? करावं तर 'आतले' असण्याचा फायदा होतो की तोटा? हो किंवा नाही असं उत्तर माझ्याकडे नाही. पण मी ते करतेय, आणि करताना एक मोठी चूक केली, सिनॉप्सिस मंजूर झाल्यानंतर केली. ती चूक सांगायची तर आधी बेट सांगावं लागेल.

मुंबई बंदरात, गेटवेपासून साधारण १० किलोमीटर पूर्वेला घारापुरी आहे. जिल्हा रायगड, तालुका उरण. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं, सगळी मिळून हजार-बाराशे माणसं. माझा जन्म उरणचा, आजोळ राजबंदरचं. म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी आणि गणपती बेटावर, बाकी वर्ष समोरच्या किनाऱ्यावर. जगाला हे बेट 'एलिफंटा' म्हणून माहीत आहे. आमच्या घरात हा शब्द फक्त पर्यटकांशी बोलताना वापरला जायचा, जसा दुकानदार गिऱ्हाइकाशी हिंदी बोलतो तसा.

आता नावापासूनच सुरुवात करू, कारण आतलं-बाहेरचं हा प्रकार नावात सगळ्यात स्वच्छ दिसतो.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात वनस्पती सोडून तो मध्येच लेण्यांकडे वळतो आणि सांगतो की या बेटाला 'पोरी' म्हणतात, आम्ही मात्र त्याला हत्तीचं बेट म्हणतो. एका वाक्यात दोन नावं, आणि कुठलं कुणाचं हेही त्यानं स्पष्ट सांगून ठेवलंय. 'पोरी' म्हणजे पुरी. आपलं नाव एका परक्या माणसाच्या पुस्तकात साडेचारशे वर्षं सुखरूप राहिलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचनालयात एकटीच हसले होते.

हत्ती खरोखर होता. दगडात कोरलेला, बेटाच्या दक्षिणेला, राजबंदरच्या जुन्या उतारावर. होडीतून उतरणाऱ्याला आधी तोच दिसायचा, म्हणून नाव पडलं. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं, पुढे धडही ढासळलं. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईला नेले. इंग्लंडला पाठवायचा बेत होता आणि क्रेन तुटली म्हणून राहिला, असं सांगतात. तुकडे राणीच्या बागेत पोहोचले आणि १९१४ च्या सुमारास ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. तो आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. ज्याच्यावरून बेटाला जगात नाव मिळालं तो बेटावर नाही, नाव मात्र चिकटून राहिलंय. माझ्या आजीनं तो कधीच पाहिला नाही. मी पाहिला तो शाळेच्या सहलीत, भायखळ्याला, आणि तो आमचा आहे हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

'घारापुरी' या नावाचा अर्थ पर्यटनाच्या माहितीपत्रकांत 'लेण्यांचं शहर' असा देतात. मराठी वाचणाऱ्या कुणालाही प्रश्न पडेल की 'घारा'चा अर्थ लेणं कुठून झाला. अभ्यासकांनी वेगवेगळे तर्क केलेत, कुणी अग्रहारपुरीकडे बोट दाखवतं, कुणी गुरवांच्या वस्तीकडे. मला यातला कुठलाच पुरेसा पटलेला नाही. पण 'लेण्यांचं शहर' हा अर्थ कुठून आला ते मात्र कळतं. बाहेरच्याला बेटावर फक्त लेणी दिसतात, म्हणून नावातही लेणीच दिसली.

बाहेरच्यांनी काय काय लिहिलं, ते थोडक्यात. ओर्ताच्या आधी, १५३८ च्या सुमारास, जुआंव द कास्त्रोनं गोवा ते दीव या सफरीच्या नोंदीत लेण्यांचं बारकाईनं वर्णन केलं. ओर्ता लिहितो की काहींच्या मते हे काम चिन्यांचं आहे, ते या भागात जहाजं घेऊन यायचे तेव्हाचं. इतकं चांगलं काम आहे म्हणजे ते खरंही असेल, असं त्याला वाटतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दियोगो द कोतो वेगळीच कथा नोंदवतो: हे बाणासुर राजानं आपल्या मुलीसाठी, उषेसाठी, बांधलं आणि इथे एकदा तीन तास सोन्याचा पाऊस पडला. ही कथा त्यानं इथल्याच कुणाच्या तरी तोंडून ऐकली असणार, बाणासुर आणि उषा लिस्बनहून आलेले नाहीत. पण ती सांगणारा कोण, बाई की बुवा, कोळी की गुरव, यावर एक अक्षर नाही.

याच कोतोनं लिहून ठेवलंय की लेण्याच्या दारावर एक शिलालेख होता, पोर्तुगीजांनी तो काढून राजाकडे पाठवला, आणि तो वाचू शकणारा कुणी सापडला नाही. तो दगड आजपर्यंत मिळालेला नाही. लेणी कुणी कोरली यावर इतके वाद आहेत त्याचं एक कारण हेच. आज बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकाचा मध्य आणि कलचुरी हे उत्तर देतात, त्याला आधार आहे शैलीचा आणि बेटावर मोठ्या संख्येनं सापडलेल्या कृष्णराजाच्या तांब्याच्या हलक्या नाण्यांचा. दगड जागेवर राहिला असता तर माझ्या प्रबंधाची निदान ४० पानं वाचली असती. असो.

मग इंग्रजांचा काळ. १७१२ मध्ये कॅप्टन पाइक, १७६४ मध्ये कार्स्टन नीबुर. नीबुर पुन्हा पुन्हा येऊन मोजमापं घेतो, चित्रं काढतो. १७७४ मध्ये साष्टीबरोबर हे बेट मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेलं. १८७१ मध्ये जेम्स बर्जेसचं पुस्तक आलं, त्याच्या शीर्षकात एलिफंटा आणि घारापुरी ही दोन्ही नावं आहेत. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा लेण्यातच मेजवानी झाली.

हे सगळं वाचताना मी एक साधी गोष्ट केली, तुम्हीही करून बघा. प्रत्येक मजकुरात बेटावरचं माणूस कुठे येतं ते पेन्सिलीनं अधोरेखित करायचं. होडी वल्हवताना. वाट दाखवताना. गुरं हाकताना. बर्जेसकडे थोडं अधिक आहे. तो सांगतो की लेण्यात अजूनही शैव सणांना पूजा होते, वाणी लोक विशेष करून येतात, शिवरात्रीला जत्रा भरते. म्हणजे पुरातत्त्वाच्या पुस्तकात ज्याला अवशेष म्हटलंय तिथे त्याच वर्षी नारळ फुटत होते. पण बाकी पानांवर बेट रिकामं आहे. "इथे माणसं राहतात का?" हा प्रश्न लाँचवरच्या माणसाला आपोआप सुचलेला नाही. त्याच्यामागे तीनशे वर्षांची लिहिण्याची सवय आहे.

आता माझी चूक.

इतकं वाचून माझं डोकं तापलेलं होतं. सिनॉप्सिसमध्ये मी जवळजवळ असंच लिहिलं की बाहेरच्यांची नोंद एकांगी आहे आणि स्थानिक स्मृती हा तिला पर्याय आहे. मग मी रेकॉर्डर घेऊन राजबंदरला गेले. आजी आणि तिच्या वयाची आणखी दोन माणसं, अशा तीन लांब मुलाखती घेतल्या. तिघांनीही एक गोष्ट सांगितली, फार तळमळीनं सांगितली: पोर्तुगीज सैनिकांनी मूर्तींवर गोळ्या झाडून नेमबाजीचा सराव केला, म्हणून हात-पाय तुटलेत. मला वाटलं, सापडलं! पिढ्यान् पिढ्या जपलेली जखम. प्रकरण लिहिलं, नाव दिलं 'बेटाची लोकस्मृती', आणि माझ्या गाइडकडे दिलं. (गाइड म्हणजे पीएचडीच्या. बेटावर हा शब्द उच्चारला की वेगळाच माणूस उभा राहतो, आणि गंमत म्हणजे पुढची गोष्ट त्या दुसऱ्या प्रकारच्या गाइडची आहे.)

त्यांनी मुलाखतींचं लिप्यंतर दोनदा वाचलं आणि एकाच शब्दावर गोल केला. तिघांच्याही बोलण्यात तो होता: 'टार्गेट प्रॅक्टिस'.

माझी आजी 'लेनी' म्हणायची, आगरी बोलीत 'ण' चालत नाही. लाँचला ती 'लांच' म्हणायची. तिच्या तोंडी टार्गेट प्रॅक्टिस? मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. आणखी एक गोष्ट लक्षात आली. एरवी जुन्या काळाबद्दल बोलताना ती 'फिरंगी' म्हणायची. या एका गोष्टीत मात्र 'पोर्तुगीज' म्हणत होती. तिघांचा क्रमही तोच होता, आधी सैनिक, मग गोळ्या, मग वाचलेली महेशमूर्ती. आजीला विचारलं, ही गोष्ट तुला कुणी सांगितली? ती म्हणाली, "मामानं तुझ्या. तो लेनी दाखवायचा ना लोकांना." मामाला विचारलं. तो काही वर्षं लेण्यात माहिती सांगायचं काम करायचा, आणि त्यानं ती एका इंग्रजी पुस्तिकेवरून पाठ केली होती.

मग मी पुस्तिकांवरून मागे मागे गेले. कोतोपर्यंत सैनिकांनी केलेल्या नासधुशीचा सूर लागतो. पाइकच्या १७१२ च्या वर्णनात, जे १७८५ मध्ये छापून आलं, एक ठसठशीत प्रसंग आहे: एका पोर्तुगीज सरदारानं लेण्यातला प्रतिध्वनी ऐकायची मौज म्हणून आत तोफ डागली आणि काही खांब फुटले. एका माणसाची टवाळी. ती गॅझेटियरमध्ये आली, तिथून मार्गदर्शिकांमध्ये, आणि वाटेत कुठेतरी सरदाराचं सैन्य झालं आणि मौजेचा सराव झाला. शेवटी ती मामाच्या तोंडून आजीकडे पोहोचली आणि मी ती 'स्थानिक स्मृती' म्हणून रेकॉर्ड केली. बाहेरच्याचाच आवाज गुहेत फिरून माझ्याकडे परत आला होता.

याचा अर्थ आजी खोटं बोलली असा नाही. ती गोष्ट तिची झाली होती, ती सांगताना तिचे डोळे भरायचे. पण मूर्ती का तुटल्या याचा पुरावा म्हणून ती वापरता येत नाही. ओर्ता तर १५६३ मध्येच म्हणतो की गुरं आत शिरल्यामुळे लेण्याची फार नासाडी झाली. गुरं कुणाची ते तो सांगत नाही, पाइक म्हणतो पोर्तुगीजांची, पावसाळ्यात आत बांधायचे. शिवाय खडकात झिरपणारं पाणी आहे, आणि आठवण म्हणून तुकडा फोडून नेणारे पाहुणे आहेत. एकच गुन्हेगार हवा असेल तर हा विषय घेऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, मग आतल्या माणसाकडे स्वतःचं असं काही नव्हतंच का? होतं. पण ते मी विचारलंच नव्हतं. मी 'लेण्यांबद्दल काय आठवतं' असं विचारत होते, म्हणजे प्रश्न बाहेरच्याचाच विचारत होते आणि उत्तर आतलं मागत होते. दुसऱ्या फेरीत रेकॉर्डर बंद ठेवून आजीबरोबर तांदूळ निवडत बसले. लेण्याच्या आवारात पाण्याचं टाकं आहे. तिच्यासाठी लेणी म्हणजे आधी ते टाकं, लहानपणी उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला की पाणी कुठे मिळेल याच्या यादीतली एक जागा. साडेपाच मीटर उंचीची महेशमूर्ती तिला माहीत होती, ती हात जोडायची, पण सांगायला बसली की पाण्याचं सांगायची. कुठली वाट चिखलात जाते, कुठल्या भरतीला मचवा लागतो, खुबे कुठे मिळतात, अमावस्येच्या उधाणाला कुठलं घर सोडावं लागायचं. मला हे 'इतिहास' वाटत नव्हतं म्हणून मी पहिल्या वेळी रेकॉर्डर थांबवला होता. त्या थांबवलेल्या मिनिटांचं मला आजही वाईट वाटतं, कारण आजी आता नाही.

तर हे धरून मी पुन्हा नावांकडे आले. तीन गावं, तिन्हींच्या नावात 'बंदर'. बाहेरून पाहिलं तर हे लेण्यांचं बेट आहे, आतून पाहिलं तर होडी लावायच्या तीन जागा आहेत. पुरातत्त्वही याच बाजूला बोलतं. मोराबंदरला क्षत्रपांची नाणी मिळाली आहेत, रोमन अँफोरा कुंभांची खापरं मिळाली आहेत, पूर्वेकडच्या टेकडीजवळ विटांचा स्तूप आहे. म्हणजे महेशमूर्ती कोरली जाण्याच्या कित्येक पिढ्या आधी इथे जहाजं लागत होती. लेणी बंदरामुळे आली, उलटं नाही, असं माझं मत आहे.

पण इथे पुन्हा एक खड्डा आहे आणि त्यातही मी पाय घातला होता. मी लिहून टाकलं होतं की गावांची नावं प्राचीन बंदराची साक्ष देतात. 'बंदर' हा शब्द फारसी आहे. सहाव्या शतकात तो इथे कुणाच्या तोंडी असणं शक्य नाही. म्हणजे नावं मध्ययुगातली किंवा त्यानंतरची, आणि ती साक्ष देतात ती त्या काळाची. बेटावरची माणसं समुद्राकडे तोंड करून राहत आली, एवढंच त्यावरून म्हणता येतं. प्राचीन बंदरासाठी खापरंच लागतात.

तसाच मोह 'पुरी'चा. ६३४ सालच्या ऐहोळे शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीनं जहाजांनी पुरीला वेढा घातल्याचं आलंय. ही पुरी कोकणातल्या मौर्यांची राजधानी मानतात. ती म्हणजे घारापुरी असं बरेच जण म्हणतात, काही जण जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे जातात. ओर्तानं नोंदवलेल्या 'पोरी'मुळे मला अर्थातच पहिलं आवडतं. पण एक हजार वर्षांच्या अंतरानं सारखा वाजणारा शब्द आणि आजोळचं प्रेम, यावर राजधानी उभी करता येत नाही. मी तळटीपेत दोन्ही मतं दिली आणि पुढे गेले. (त्या प्रशस्तीत पुलकेशीच्या जहाजांना मत्त हत्तींची उपमा आहे. योगायोग आहे. यावर कुणी शोधनिबंध लिहू नका.)

आता थोडं कोरडं पण उपयोगाचं. तुम्ही या भागावर काम करणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बॉम्बे गॅझेटियरमध्ये घारापुरी कुलाब्याच्या खंडात शोधू नका, मी दोन दिवस घालवले. ती ठाण्याच्या चौदाव्या खंडात आहे, १८८२ चा, कारण तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. त्यातही 'E' खाली, एलिफंटा म्हणून. दोन, मोरा आणि मोराबंदर वेगळे. मोरा हे उरणचं बंदर, भाऊच्या धक्क्यावरून लाँच जाते ते. मोराबंदर बेटावरचं गाव. जुन्या कागदांत नुसतं 'मोरा' आलं की मी आनंदानं टिपण करायचे, आणि निम्मी टिपणं उरणची निघाली. गंमत बघा, मी जन्मले उरणला. हा फरक मला झोपेतही माहीत होता. कागदावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये दिसला की मात्र मी बाहेरच्यासारखी वाचत होते.

उताऱ्याची जागा बदलली ही गोष्टही अशीच. पूर्वी पाहुणा दक्षिणेला, राजबंदरच्या बाजूनं उतरायचा, हत्तीपाशी, वस्तीला लागून. पुढे वायव्येकडचा उतार वापरात आला. आज लाँच शेतबंदरच्या बाजूला लागते. लांब जेटी, छोटी गाडी, मग दुकानांच्या छपराखालून पायऱ्या आणि थेट लेणी. पर्यटक ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं परत जातो. राजबंदर त्याला दिसतच नाही. म्हणजे "इथे माणसं राहतात का" हा प्रश्न विचारणाऱ्यात थोडी धक्क्याची भूमिकाही आहे.

त्याला जी माणसं दिसतात ती पायऱ्यांवर. ताक, काकडी, कैरी, मण्यांच्या माळा. आणि डोक्यावर हंडे-कळशा रचून उभ्या असलेल्या बायका, ज्यांच्यासोबत पैसे देऊन फोटो काढता येतो. हा फोटो तुम्ही पाहिला असेल. बाहेरच्याला तो रंगीत वाटतो, शहरातल्या शिकलेल्या मराठी माणसाला तो लाजिरवाणा वाटतो. मलाही वाटायचा. मामीला विचारलं तर ती म्हणाली, "पाणी आनलं तेव्हा कोन पैसे देत व्हता? आता रिकामे हंडे घेऊन मिळतात." यावर मी प्रकरणात एकच परिच्छेद लिहिलाय आणि तो अजून तीनदा बदलायचाय. तिनं पर्यटकाची नजर ओळखली, तिची किंमत ठरवली, आणि रात्री घरी येऊन त्यावर हसली. आतले आणि बाहेरचे अशा दोन खोक्यांत हे बसवायला गेलं की मामीच निसटते.

विजेचंही सांगते. समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. साडेसात किलोमीटरची केबल. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर. त्या वेळच्या बातम्यांचा मथळा सगळीकडे साधारण एकच होता: स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी बेट उजळलं. बातमी बरोबरच होती. पण आम्ही लहान होतो तेव्हा जनरेटर बंद झाल्यावर अंगणातून पश्चिमेला मुंबई दिसायची, लखलखीत, आणि पूर्वेला न्हावा शेवा. ते बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि रात्रीचा दिवस झाला. आजी म्हणायची आपण उजेडाच्या मधोमध अंधारात बसलोय. पाहुण्यांनी बेटाकडे पाहून चारशे वर्षं लिहिलं. बेटावरून मुंबईकडे रोज रात्री पाहिलं जायचं, त्याची नोंद कुठल्या गॅझेटियरमध्ये आहे? मला ती फक्त मुलाखतींत मिळाली, आणि तीसुद्धा 'लेण्यांबद्दल' विचारणं बंद केल्यावर.

या नजरेचा प्रश्न निव्वळ पुस्तकी असता तर मी त्यावर चार वर्षं घालवली नसती. १९८५ च्या अधिसूचनेनं किनाऱ्यापासून एक किलोमीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित क्षेत्र ठरवला. १९८७ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं ते 'एलिफंटा लेणी' म्हणून. २०१० मध्ये स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण आलं. लेणी जपायलाच हवीत, याबद्दल माझ्या घरातही दुमत नाही. पण कागद लेण्यांभोवती वर्तुळ आखतो, आणि वर्तुळात आलेलं घर त्या कागदावर आधी अडथळा असतं आणि मग घर. घराचा वासा बदलायचा तर काय काय परवानगी लागेल, हा बेटावरच्या कुठल्याही लग्नात निघणारा विषय आहे. तालुक्याच्या कामाला उरणला जायचं, माल आणायला मुंबईला, आणि दोन्हीकडे 'एलिफंटा' म्हटल्याशिवाय पटकन कळत नाही.

गेल्या महिन्यात प्रबंधाच्या शीर्षकावरून चर्चा झाली. समितीतल्या एका सदस्यांनी सुचवलं, परदेशी वाचकासाठी 'एलिफंटा' हेच ठेवा, शोधणाऱ्याला सापडेल. मी आधी चिडले, मग मला ते दोन दिवस आठवले, 'E' खाली सापडलेली घारापुरी. त्यांचं बरोबर होतं. शेवटी शीर्षकात घारापुरी ठेवलं, आणि सूचीत 'एलिफंटा: पाहा घारापुरी' अशी नोंद केली. ओर्ताची 'पोरी' कुठे टाकायची ते अजून ठरत नाहीये. सध्या ती दोन्हींच्या मध्ये, पेन्सिलीनं लिहिलेली आहे.

मुलाखतींचं पहिलं प्रकरण मी फेकलेलं नाही. त्याचं नाव बदललं, आणि त्यात आता आजी, मामा, पुस्तिका, गॅझेटियर आणि पाइक या क्रमानं ती तोफ मागे जाते. पुढच्या सोमवारी बेटावर जातेय. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे मामी घरी भेटते.